टकटक आत्या आणि तुळईचं नाक

आमच्या आत्याबद्दल गल्लीत एक गोष्ट इतकी मुरली आहे, की ती खोटी आहे म्हटलं तर लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. गोष्ट अशी. आत्या तरुण असताना तिला मागणी घालायला एक माणूस आला, चांगला सुटाबुटातला. आत्या काही न बोलता त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, बोटाच्या पेराने त्याच्या डोक्यावर टकटक केलं, कान लावला आणि आजोबांना म्हणाली, "पोकळ आहे. परत पाठवा."

दूधवाला ही गोष्ट सांगतो तेव्हा टकटक दोनदा होते. इस्त्रीवाला सांगतो तेव्हा तो माणूस शेवटी रडतो. न्हावी त्याच्या डोक्यावर केस कसे होते तेही सांगतो, धंद्याचा भाग म्हणून. तिघांच्या तीन आवाजांत ही गोष्ट मी करून दाखवते आणि तिन्ही वेळा हशा मिळतो, त्यामुळे खरं सांगायला जिवावर येतं. पण आज सांगते.

खरं काय झालं ते बाबांना माहीत आहे, कारण ते तेव्हा शाळकरी होते आणि दाराआडून बघत होते. टकटक झाली ती खुर्चीच्या पायावर. आत्याच्या लाकडाच्या वखारीतली जुनी, किडीने पोखरलेली खुर्ची, आणि पाहुणे अंगाने भरलेले. आत्याने त्यांना उठवलं, पाय ठोकला, आतून पिठासारखा भुसा गळला. "पोकळ आहे," ती म्हणाली ते खुर्चीला. मग पाहुण्यांना चांगलं भक्कम स्टूल दिलं. त्या भक्कम स्टुलावर बसून पाहुणे म्हणाले, "लग्नानंतर ही वखार विकून टाकू, बाईमाणसाला काय करायचीय?" लग्न तिथेच मोडलं. आत्याचं त्यावरचं म्हणणं एवढंच, "खुर्ची बदलली, माणूस तोच राहिला."

तेव्हापासून ती टकटक आत्या. बाबांची सख्खी थोरली बहीण. आज आमच्या वरच्या मजल्यावर आईचा शिवणाचा वर्ग चालतो, मशिनांची खडखड खाली ऐकू येते आणि आमच्यापैकी कुणीही मान वर करून छताकडे बघत नाही, ते तिच्यामुळे. म्हणून हे लिहिते आहे. तिने वाचलं तर म्हणेल, "शब्द ओले आहेत अजून. वाळू दे."

वखार म्हणजे पत्र्याचं उंच छप्पर आणि त्याखाली लाकडांचे थर. दोन थरांमध्ये पातळ पट्ट्या घातलेल्या, म्हणजे वारा सगळ्यांच्या अंगावरून सारखा फिरतो. एका कोपऱ्यात करवतीचं यंत्र. ते सुरू असलं की ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे आत्याचा आवाज घरात, दवाखान्यात, फोनवर, सगळीकडे करवतीच्या वरच्या पट्टीतच असतो. मागच्या बाजूला एक खोली. ती तिथेच राहते, भुशाच्या वासात. तिच्या उशीतही भुसा असतो.

गिऱ्हाईक आलं की ती लाकूड दाखवत नाही, आधी नातं सांगते. मागच्या वर्षी एक साहेब नवं घर बांधायला घेऊन आले. त्यांचं नाव मी सागसाहेब ठेवलं, कारण दर वाक्यात साग. गळा साफ करून बोलायचे, जसं काही भाषण आहे.

"हं-हं. दारं साग. खिडक्या साग. तुळया साग. हं-हं. सगळं सागच द्या."

"साहेब," आत्या म्हणाली, "तुमच्या घरात सगळे जावईच राहणार का?"

साहेब गोंधळले. आत्याने सागाच्या फळीवर हात फिरवला. "साग म्हणजे जावई. देखणा. अंगात मुळातच तेल, म्हणून वाळवी लांब राहते. पाण्याने फारसा फुगत नाही, उन्हाने वाकत नाही. चौकटीत जो फुगतो तो दार अडवतो, तेव्हा दाराखिडकीत जावयाला मान द्या. पण घर खांद्यावर घ्यायला कुणी जावयाला सांगतं का? तिथे दीर लागतो." मग ती ऐनाच्या ढिगाकडे वळली. गडद तपकिरी, काळसर रेघांचं, जड. "हा दीर. सागाहून कडक. नुसता खिळा माराल तर खिळाच वाकेल. आधी गिरमिटाने भोक पाडायचं, म्हणजे त्याला विचारायचं, मग खिळा. स्वभाव तापट. घाईने वाळवला की तडकतो. सावलीत, वाऱ्यावर, त्याच्या कलाने वाळू दिला तर जन्मभर ओझं वाहील आणि एकदाही बोलून दाखवणार नाही."

"आणि शिसव?" मी मागून विचारलं. मला उत्तर पाठ आहे, पण ऐकायला आवडतं.

"शिसव म्हणजे नटवी मावशी. पाण्यात टाकलीस तर दगडासारखी तळाला जाईल, पण रुबाब सोडणार नाही."

साहेबांना आता मजा वाटायला लागली होती. "हं-हं. मग सून कोण?"

"सून म्हणजे जमिनीची फळी. सगळे तिच्यावरून चालतात."

साहेबांबरोबर त्यांची बायको होती. ती फळ्यांच्या ढिगाकडे वळली. ती म्हणाली, "फळ्या चांगल्यातल्या दाखवा." त्या दिवशी ते काही न घेता गेले, विचार करून येतो म्हणाले.

आता आमचं घर. खाली बाबांचं शिवणाची मशिनं दुरुस्त करायचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. वरच्या मजल्याचं सगळं ओझं एका लांब तुळईवर. तुळई ऐनाची, आत्याने स्वतः निवडून दिलेली, मी जन्माला यायच्या आधी. बाबा कुणालाही दुकानात आल्या आल्या ती दाखवायचे. बाबांची बोलायची एक चाल आहे, आधी "म्हणजे कसंय" आणि मग बराच वेळ काहीच नाही. "म्हणजे कसंय… ही तुळई नाही. माझी बहीण आहे ही. घर तिच्या खांद्यावर आहे."

आईला कित्येक वर्षं शिवणाचा वर्ग काढायचा होता. जागा नव्हती, मग मशिनं नव्हती. बाबांनी लोकांनी टाकून दिलेली जुनी मशिनं जमवली, बिडाचे पाय असलेली, दोघांनी मिळून उचलावी लागतात अशी, आणि एकेक करून चालती केली. मधली भिंत काढून वरच्या दोन खोल्यांची एक केली. मुलींचं यायचं ठरलं, त्यांच्या आया येऊन जागा बघून गेल्या. आई दिवसभर गुणगुणत होती आणि तिला ते कळतही नव्हतं. फक्त मशिनं वर चढवायची राहिली होती.

आत्या सहज चहाला आली ती त्या दिवशी. आईला म्हणाली, "काय मास्तरीणबाई, छडी घेतलीत की नाही?"

"वन्सं, छडी तुमच्याकडूनच घेणार होते. सागाची."

"छडीला साग? जावयाने मुलींना मारायचं?"

चहा पिता पिता आत्या दुकानातल्या स्टुलावर चढली. हे नेहमीचंच आहे, ती कुणाच्याही घरी गेली की काहीतरी ठोकतेच, जशी काही माणसं पाळण्यातल्या मुलाचा गाल ओढतात. तिने तुळई एका टोकापासून ठोकायला सुरुवात केली. टण. टण. टण. वाळलेल्या ऐनाचा तो आवाज मला तोंडाने काढता येतो, जीभ टाळूला चिकटवून. ती ठोकत होती आणि मी खालून तिच्या मागोमाग जिभेने. टण. टण. बाबा हसत होते. मोरीकडच्या भिंतीपाशी ती पोचली आणि आवाज आला, ढप.

मीही केलं, ढप. आई हसली, बाबा हसले. आत्या हसली नाही. तिने पुन्हा ठोकलं. मग कान लावून पुन्हा. मग कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "छोट्या, गिरमिट आण."

बाबांच्या मिशा पिकल्या आहेत, तरी ते तिच्यासाठी छोट्याच. त्यांनी गिरमिट आणलं. आत्याने भिंतीपासून लांब एक भोक पाडलं. कोरडा, करकरीत तपकिरी किस बाहेर आला. मग भिंतीला लागून दुसरं. सुरुवातीला तसाच किस, मग गिरमिट एकदम आत घसरलं, जसं लोण्यात, आणि बाहेर आलं ते काळं, ओलं पीठ.

ती खाली उतरली. "मशिनं वर चढवायची नाहीत. आणि आज रात्रीपासून सगळ्यांनी खाली झोपायचं."

आई जिथे उभी होती तिथेच राहिली. हातात टेप होती, ती गुंडाळायची थांबली.

"म्हणजे कसंय, ताई," बाबा म्हणाले, "ऐन आहे ते. तूच म्हणतेस ना, दीर आहे, बोलून दाखवत नाही."

"नाही दाखवलं बोलून. म्हणून तर इतका उशीर झाला." आत्या स्टुलावर बसली. "ऐन नाही चुकलं, छोट्या. मी चुकले."

आणि मग तिने सांगितलं. लाकूड टोकाने श्वास घेतं, असं ती नेहमी म्हणते. तुळईचं टोक म्हणजे तिचं नाक. आतली ओल बाहेर पडते ती मुख्यतः तिथून. म्हणून भिंतीत तुळई बसवताना ती टोकं उघडी ठेवायला लावते आणि भोवती दोन बोटं हवा सोडायला लावते. गवंड्यांशी तिची निम्मी भांडणं या दोन बोटांवरून. पण आमचं घर उठत होतं तेव्हा बाबांच्या लग्नाची घाई होती, तुळई पुरती वाळली नव्हती, आणि घर सख्ख्या भावाचं. तिला वाटलं, इथे जास्त काळजी घ्यायला हवी. म्हणून तिने स्वतःच्या हाताने टोकांना डांबराचे जाड हात दिले आणि भोवती चुना ठासून भरायला लावला. मुंगी शिरायला नको, वाळवी शिरायला नको.

"मुंगी नाही शिरली," ती म्हणाली. "पण आतली ओल आत राहिली. मोरीच्या भिंतीची ओल कुठून तरी शिरली तीही आतच राहिली. लोकांच्या घरी मी नाक मोकळं ठेवते. तुझ्या घरी मायेने नाक दाबून धरलं."

 इतरांना कधी कळलंही नसतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिने टकटक केली नसती, किंवा ढप ऐकून गप्प बसली असती, तर कुणाला काय कळणार होतं? डांबरावर गिलावा होता, गिलाव्यावर रंग. कळलं असतं ते वर्ग भरलेला असताना.

"माझ्यावर भरवसा नसेल तर लोखंडी गर्डर घाल," आत्या बाबांना म्हणाली. "चांगला असतो. मी राग धरणार नाही."

बाबांनी "म्हणजे कसंय" म्हटलं आणि थांबले. या वेळी थांबले ते थांबलेच. ते आईकडे बघत होते.

आईने टेप गुंडाळून खिळ्याला अडकवली. "लाकूडच घालू. तुमच्याकडचंच. फक्त वन्सं, या वेळी आमच्यावर जरा कमी माया करा."

आत्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची नक्कल मला अजून जमलेली नाही. हसू होतं, पण खालून कुणीतरी टेकू दिल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. सुतारकाका आत्याचे जुने जोडीदार, ओठांत कायम स्क्रू धरलेले असतात, त्यामुळे ते फक्त "म्म" बोलतात. म्म वर गेला तर हो, खाली गेला तर नाही, मधेच तुटला तर तुम्ही मूर्ख आहात. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत टेकू लागले. आम्ही मशिनांच्या मधून वाट काढत जेवायचो, मशिनांच्या मधेच झोपायचो. आई रोज एखाद्या मुलीच्या आईला सांगायची, "थोडं थांबा हं, जरा दुरुस्ती निघाली." सांगून झालं की दाराशी उभी राहून ती बाई कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघायची.

"मुली थांबतील का हो?" तिने आत्याला विचारलं.

"थांबतील. मी जाऊन सांगते त्यांना."

"तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगितलंत की माणसं बिचकतात."

"मी काय करते त्यांना?"

"काही नाही. फक्त ओरडता," मी म्हटलं, तिच्याच आवाजात.

"ए पोपट," आत्या म्हणाली, "हा आवाज कोणाचा? बाईचा आहे की करवतीचा?"

"दोघींचाही."

सुतारकाकांच्या ओठांतून एक स्क्रू पडला. मी त्यांना हसताना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

नवी तुळई आली तेव्हा मीही मापायला, टेकवायला होते. लांब, सरळ, टोकापासून टोकापर्यंत एक भेग नाही. ऐनात असं क्वचितच मिळतं. बाजूचं कच्चं, फिकट लाकूड सगळं काढून टाकलेलं, नुसता गाभा. आत्याने ठोकली, आणि तो आवाज खोलीत बराच वेळ राहिला. आई म्हणाली, "इतकं वाळलेलं एवढ्यात कुठून मिळालं?"

"होतं पडलेलं," आत्या म्हणाली.

सुतारकाकांनी तोंडातले सगळे स्क्रू काढून हातात घेतले. हेच मोठं होतं. "पडलेलं नव्हतं," ते म्हणाले. "राखलेलं होतं. वखारीवर तिला एक वरची खोली बांधायची होती, भुशापासून लांब. त्यासाठी सावलीत उलटंसुलटं करत वर्षानुवर्षं जपलेलं." आणि स्क्रू परत तोंडात.

"म्हाताऱ्याला बोलायची इतकी हौस असेल असं वाटलं नव्हतं," आत्या म्हणाली.

"वन्सं, मग तुम्ही राहणार कुठे?"

"खाली. खाली काय वाईट आहे? पडले तरी लागणार नाही."

 आई चहा टाकायला गेली आणि चहा व्हायला खूप वेळ लागला.

तुळई चढवली त्या दिवशी आत्या गवंड्याच्या डोक्यावर उभी होती. टोकांना काही लावलं नाही. भिंतीतल्या कोनाड्यात खाली सपाट दगड, बाजूंना आणि मागे हवा, आणि मोरीच्या बाजूचा गिलावा नवा. गवंडी म्हणाला, "ताई, एवढं मोकळं बरं नाही दिसत. जरा भरून घेऊ?" आत्याने दोन बोटं त्या फटीत घातली आणि काढलीच नाहीत. "भर," ती म्हणाली, "माझी बोटं आत ठेवून भर."

जुन्या तुळईचं कुजलेलं टोक कापून खाली पडलं होतं. बाहेरून काळंभोर, गुळगुळीत, आतून मूठभर चिखल. आत्याने ते उचललं आणि खांद्यावर टाकलं.

"कुठे नेतेस?" मी विचारलं.

"वखारीच्या दारात ठेवणार. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं."

मी हसले. "ठेवशील. पण कुणी विचारलं की म्हणशील, एका अडाणी सुताराने केलंय."

सुतारकाकांचा म्म मधेच तुटला.

"पैज?" आत्या म्हणाली.

"पैज. पहिल्याच गिऱ्हाइकाला तू खरं सांगणार नाहीस. हरलीस तर तो सुटाबुटातला माणूस आणि खुर्ची, सगळं नक्कल करून दाखवायचं, गल्लीसमोर."

"आणि तू हरलीस तर एक अख्खा दिवस वखारीत बसायचं आणि कुणाचाही आवाज काढायचा नाही. तुझा स्वतःचा असेल तर तो."

मला ही पैज म्हणजे घरबसल्या जिंकलेली वाटली. धंदा करणारं माणूस आपल्या दुकानाच्या दारात आपली चूक मांडून ठेवेल का?

मशिनं वर चढली. बाबा आणि सुतारकाका एकेक नेत होते, आणि प्रत्येक मशिनागणिक आत्या खाली तुळईला तळवा लावून उभी. शेवटचं मशीन गेल्यावर ती म्हणाली, "आता चालवा सगळी." आईने मुलींना बसवलं. सगळ्या आल्या होत्या, एकही गळाली नव्हती. मशिनं एकदम सुरू झाली आणि खाली आम्ही वर बघत राहिलो. बाबांनी तोंड उघडलं. "म्हणजे कसंय," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले, आणि पुढचं वाक्य आजतागायत आलेलं नाही.

वर्गाचं पहिलं काम म्हणून आईने मुलींकडून एक पडदा शिवून घेतला. जाड कापडाचा, दुहेरी, खाली वजनाला दोरी घातलेला, आत्याच्या खोलीच्या दाराला, भुसा आत येऊ नये म्हणून. आत्याने तो उजेडात धरून पाहिला. "टीप वाकडी आहे," ती म्हणाली. संध्याकाळी मी गेले तेव्हा तो लागला होता, आणि ती आत बसून, पडदा ओढून, उशी झटकत होती.

टोक वखारीच्या दारात मांडलं आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून सागसाहेबच आले, विचार पुरा करून. त्या टोकाला त्यांचा बूट लागला. मी गल्ल्यामागे बसले होते, कान टवकारून.

"हं-हं. हे काय?"

"ऐनाची तुळई. टोक कुजलंय."

"कुणी केलं हे?"

आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मी. सख्ख्या भावाच्या घरात." आणि डांबर, ओल, नाक, दोन बोटं, सगळं सांगितलं, करवतीच्या वरच्या पट्टीत, म्हणजे समोरच्या टपरीलाही कळलं.

साहेबांनी बूट मागे घेतला. "हं-हं. मग आम्ही तुमच्याकडून लाकूड का घ्यावं?"

"दुसरा कुणी त्याचं कुजलेलं टोक दाखवत असेल तर त्याच्याकडून घ्या."

साहेबांची बायको म्हणाली, "तुळया ऐनाच्या लिहा. दारं सागाची. आणि फळ्यांचं मी सांगितलं होतं."

पैज गेली. दुसऱ्या दिवशी मी वखारीत बसले, नुसत्या माझ्या आवाजात. फार कठीण असतं ते. दूधवाला आला तेव्हा जीभ दातांखाली धरली. सुतारकाकांनी काही विचारलं तेव्हा म्म ओठांपर्यंत आला होता. दुपारी करवत चालू होती आणि फोन वाजला. मी उचलला, आणि कुणाचाही न काढता, माझ्या म्हणून जो काही आवाज आहे त्यात म्हणाले, "हॅलो, वखार."

"हां, आत्या," पलीकडचा माणूस म्हणाला, "त्या चौकटींचं काय झालं?"

"मी आत्या नाही."

"आत्या, भर दुपारी थट्टा नको. चौकटी कधी देताय?"

आत्याने माझ्या हातून फोन घेतला, त्याला चौकटींचं सांगितलं आणि फोन ठेवला. "लबाडी केलीस," ती म्हणाली. "एक दिवस वाढला."

मी शपथेवर सांगते, तो माझाच आवाज होता. तिने ऐकलं नाही. उद्याही मी तिथेच आहे.